साठ-सत्तर हजारांत गेमिंग पीसी: सुटे भाग निवडताना काय बघायचं आणि कुठे फसगत होते

दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, "बजेट किती?" आकडा सांगितला की दुसऱ्या मिनिटाला कोटेशन तयार. त्यात मोठ्या अक्षरांत प्रोसेसर असतो, रॅम असते, आरजीबी (रंगीत दिव्यांचे) पंखे असतात. ग्राफिक्स कार्डाचं नाव अर्धवट असतं आणि एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) रकान्यात नुसतं '४५० वॅट' लिहिलेलं असतं. पैसे नेमके या शेवटच्या दोन ओळींत वाया जातात. म्हणून स्वतःची यादी घरीच करून जा. ती कशी करायची ते खाली क्रमाने दिलं आहे. हिशेब फक्त पीसीचा आहे. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आणि यूपीएस त्यात धरलेले नाहीत.

जुने यूट्यूब व्हिडिओ बघून बजेट ठरवत असाल तर आधी एक गोष्ट लक्षात घ्या. २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव जोरात चढले, कारण मेमरी चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी आपला माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळवला. एसएसडीही त्यापाठोपाठ महागल्या. 'चाळीस हजारांत सगळं' असं सांगणारा तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ आज त्या आकड्यात बसत नाही.

१. ही वाट आधीच बंद करा: 'आय सेव्हन गेमिंग पीसी, फक्त अठरा हजार'

ऑनलाइन शोधलं की ही जाहिरात हमखास दिसते: आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट. नाव मोठं, लक्षण खोटं. हा आय७ बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीतला असतो, म्हणजे २०११-१२ सालचा आय७-२६०० किंवा ३७७०. तो ऑफिसांतून निघालेल्या जुन्या संगणकांतून काढून एच६१ चिपसेटच्या स्वस्त बोर्डावर बसवलेला असतो. विंडोज ११ ला हा प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही. त्यात एव्हीएक्स२ ही नव्या प्रोसेसरांतली आकडेमोडीची सोय नाही, त्यामुळे ती मागणारे नवे गेम सुरूच होत नाहीत. आणि ते '४ जीबी ग्राफिक्स कार्ड' म्हणजे बहुतेक वेळा जीटी ७३०. त्यावर पिक्चर बघा, गेमचं नाव काढू नका.

आय३, आय५, आय७ हे आकडे त्या-त्या पिढीपुरतेच एकमेकांशी ताडून बघायचे असतात. बाराव्या पिढीचा चार कोअरचा (कोअर म्हणजे आकडेमोड करणारा एकेक भाग) आय३-१२१००एफ त्या जुन्या आय७ ला सहज मागे टाकतो.

२. गेम आणि मॉनिटर ठरवा, मग भागांकडे वळा

व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ असे स्पर्धेचे गेम प्रोसेसरवर जास्त भार टाकतात आणि त्यांत सेकंदाला १४४ किंवा त्याहून जास्त फ्रेम (चित्रं) हव्या असतात. सायबरपंक २०७७ सारखे गोष्टीचे गेम ग्राफिक्स कार्डाला घाम फोडतात, तिथे ६० फ्रेम स्थिर मिळाल्या तरी पुरे. तुम्ही रोज कोणता गेम खेळणार ते लिहून काढा. 'सगळेच' हे उत्तर धरू नका.

या बजेटात मॉनिटर १०८०पी (१९२० बाय १०८० ठिपक्यांचा), २४ इंचाच्या आसपास, आयपीएस पॅनेलचा आणि किमान १०० हर्ट्झचा (सेकंदाला १०० चित्रं दाखवणारा) घ्या. घरात ६० हर्ट्झचा जुना मॉनिटर असेल तर तूर्त तोच ठेवा आणि वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. मॉनिटर नंतर बदलता येतो.

३. शंभर रुपयांची वाटणी

भाव आठवड्याला हलतात, म्हणून रुपयांऐवजी वाटा लक्षात ठेवा. शंभरातले ३५ ग्राफिक्स कार्डाला, १७ प्रोसेसरला, १५ रॅमला, ११ मदरबोर्डला, १० एसएसडीला, ७ एसएमपीएसला, ५ कॅबिनेटला. दोन-तीन रुपये इकडेतिकडे झाले तर चालेल. पण ग्राफिक्स कार्डाचा वाटा तिशीच्या खाली गेला आणि कॅबिनेटचा दहावर चढला, तर समजा की यादी दुकानदाराने केली आहे.

एवढं बजेट नसेल, तीस-पस्तीस हजारच असतील, तर फालतू कार्ड घेऊ नका. रायझन ५ ५६००जी सारखा आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्या, रॅमच्या दोन पट्ट्या लावा आणि कार्डासाठी पैसे साठवा. व्हॅलोरंट, जीटीए ५ असे गेम तोवर कमी सेटिंगवर खेळता येतात.

४. ग्राफिक्स कार्ड: नाव पूर्ण वाचा

यादीतला हा सगळ्यात महाग भाग. सगळ्यात जास्त गोंधळही याच्याच नावांत आहे.

१०८०पी साठी रेडिऑन आरएक्स ६६०० हे अजूनही काम भागवणारं कार्ड आहे: ८ जीबी मेमरी, वीज सुमारे १३२ वॅट, एकच ८-पिन जोडणी. २०२१ सालचं आहे, पण नवं सीलबंद मिळालं तर हरकत नाही. थोडे पैसे जास्त असतील तर आरटीएक्स ४०६०, आरटीएक्स ५०५० किंवा आरएक्स ७६०० यांचे त्या दिवशीचे भाव विचारा. आरटीएक्स कार्डांत डीएलएसएस (एआयच्या मदतीने फ्रेम वाढवणारी सोय) मिळतं. ब्लेंडर किंवा व्हिडिओ एडिटिंगही करणार असाल तर एनव्हिडियाचं कार्ड घेणं सोयीचं पडतं. नुसतेच गेम खेळायचे असतील तर तेवढ्याच पैशात रेडिऑन बहुधा जास्त फ्रेम देतं.

इंटेलच्या आर्क बी५८० ला १२ जीबी मेमरी आहे, म्हणून ते मोहात पाडतं. मात्र त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) ही सोय बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, चालू असावीच लागते. शिवाय जुन्या किंवा हलक्या प्रोसेसरबरोबर हे कार्ड रखडतं. ते घ्यायचं असेल तर प्रोसेसरही नव्या पिढीचा घ्या.

आता सापळे:

* आरटीएक्स ३०५० दोन प्रकारांत मिळतं. ८ जीबीच्या कार्डात २५६० कोअर आहेत, ६ जीबीच्या कार्डात २३०४ आणि मेमरीची वाटही अरुंद, १२८ ऐवजी ९६ बिट. दुकानदार फरक सांगतो तो फक्त 'दोन जीबीचा'. ६ जीबीचं कार्ड एकाच बाबतीत उपयोगी: ते ७० वॅटवर चालतं, वेगळी वीजजोडणी लागत नाही, त्यामुळे जुन्या ऑफिस पीसीत बसतं.
* आरएक्स ६५०० एक्सटी ला ४ जीबी मेमरी आणि फक्त चार पीसीआयई लेन (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या वाटा) आहेत. पीसीआयई ३.० च्या बोर्डावर ते आणखी मंदावतं. रेकॉर्डिंगसाठी लागणारा व्हिडिओ एन्कोडरही नाही, त्यामुळे रेकॉर्डिंग-स्ट्रीमिंगचा सगळा भार प्रोसेसरवर येतो.
* आरएक्स ५८० '२०४८एसपी' हे खरं ५८० नव्हे. मूळ कार्डात २०४८ ऐवजी २३०४ स्ट्रीम प्रोसेसर (म्हणजे कोअर) असतात.
* जीटी १०३० ची डीडीआर४ आवृत्ती जीडीडीआर५ आवृत्तीपेक्षा खूपच मंद आहे. खोक्यावर नाव मात्र तेच.

जीबीच्या आकड्याला भुलू नका. मेमरी म्हणजे ओटा, स्वयंपाक चिपलाच करावा लागतो. तरीही २०२६ च्या आसपास नवं कार्ड घेताना ८ जीबीच्या खाली उतरू नका. नव्या गेमचे टेक्श्चर ४ जीबीत मावत नाहीत आणि दर काही सेकंदांनी चित्र अडखळतं.

जुनं कार्ड घेणार असाल तर ते चालू पीसीत लावलेलं बघा. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून नाव, मेमरीचा प्रकार आणि कोअरचा आकडा ताडा. कार्डातलाच बायोस बदलून जुनं कार्ड नव्या नावाने विकण्याची जुनी पद्धत तिथे उघडी पडते. मग फरमार्क (कार्डावर भार टाकणारं सॉफ्टवेअर) किंवा एखादा जड गेम पंधरा-वीस मिनिटं चालवा आणि हे दिसतं का बघा: पडद्यावर ठिपके-रेघा, पंख्याची घरघर, तापमानाची उडी. मूळ बिल आणि शिल्लक वॉरंटी नसेल तर भाव त्या हिशेबाने पाडून मागा.

५. प्रोसेसर आणि मदरबोर्ड: जोडीनेच निवडा

सहा कोअर, बारा थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं) हे आजचं समाधानकारक माप. त्यात दोन सरळ पर्याय आहेत: एएमडीचा रायझन ५ ५६०० आणि इंटेलचा आय५-१२४००एफ. दोघांच्या बॉक्स-पॅकसोबत कूलर येतो आणि या कामाला तो पुरतो. पैसे फारच आखडते असतील तर आय३-१२१००एफ.

रायझन ५ ५५०० हा ५६०० चा धाकटा भाऊ वाटतो, पण त्यात एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) ३२ ऐवजी १६ एमबी आहे आणि पीसीआयई ३.० च मिळतं. भावात फरक किरकोळ असेल तर ५६०० च घ्या.

इंटेलच्या नावामागचा 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्स नाही. रायझन ५६०० मध्येही नाही. कार्ड बिघडून सर्व्हिसला गेलं तर तेवढे दिवस पडदा काळा. अभ्यासासाठी किंवा घरून कामासाठी हाच पीसी वापरायचा असेल तर आत ग्राफिक्स असलेला आय५-१२४०० थोडे जास्त देऊन घेणं शहाणपणाचं.

'ट्रे' प्रोसेसर म्हणजे खोक्याविना आणि बहुधा कूलरविना मिळणारा. स्वस्त असतो. वॉरंटी किती आणि कोणाची ते विचारून बिलावर लिहून घ्या, आणि कूलरचे पैसे धरून मगच तुलना करा.

मदरबोर्डमध्ये रायझन ५६०० साठी बी५५० चांगला, ए५२० चालेल. ए५२० वर पीसीआयई ३.० आहे. आरएक्स ६६०० ला त्याने फारसं अडत नाही. बी४५० घेत असाल तर एक खबरदारी: तो ५००० मालिकेच्या आधीचा बोर्ड आहे, बायोस जुनं असेल तर पीसी सुरूच होणार नाही. घरी अपडेट करायला बहुधा जुना प्रोसेसर लागतो, म्हणून 'बायोस अपडेट करून द्या' असं दुकानातच सांगा. इंटेलला एच६१० पुरतो. रॅमच्या चार जागा आणि जास्त एम.२ स्लॉट (एसएसडीच्या जागा) हवे असतील तर बी६६० किंवा बी७६०. इंटेलचे हे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन प्रकारांत येतात. खाच वेगळ्या जागी असते, एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. मॉडेलच्या नावात 'डी४' आहे का ते बघा.

रायझन ५६०० ज्यात बसतो तो एएम४ हा २०१६ चा सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसरची जागा) आहे, त्याचा पुढचा रस्ता जवळपास संपला. चार-पाच वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा मनसुबा असेल तर एएम५ वर जा: रायझन ५ ७५००एफ आणि ए६२० किंवा बी६५० बोर्ड. एएमडीने हा सॉकेट २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवण्याचं जाहीर केलं आहे. पण तिथे डीडीआर५ सक्तीची, आणि आजच्या रॅमच्या भावात ती उडी सत्तर हजारांच्या पलीकडे जाते. त्यासाठी ग्राफिक्स कार्ड एक पायरी खाली उतरवावं लागत असेल तर एएम४ वरच थांबा.

६. रॅम: दोन पट्ट्या

१६ जीबी, आणि ती ८ + ८. एकच १६ ची पट्टी लावली तर प्रोसेसर आणि रॅम यांच्यातला अर्धा रस्ता बंद राहतो. आत ग्राफिक्स असलेल्या प्रोसेसरवर तर फ्रेम धडाधड कोसळतात. डीडीआर४ मध्ये ३२०० चा वेग, सीएल१६ (रॅमच्या प्रतिसादातला विलंब; आकडा कमी तितका बरा) असेल तर उत्तम. भाव चढे असल्यामुळे आत्ता ८ जीबीची एकच पट्टी घेऊन दुसरी नंतर घ्यायची असेल तर बिलावर पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्या, म्हणजे जोडीची पट्टी शोधता येईल. चार जागांच्या बोर्डावर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या जागी लावायच्या.

७. एसएसडी

एम.२ एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी जलद एसएसडी), किमान ५०० जीबी, जमल्यास १ टीबी. मोठे गेम एकेकटेच १०० जीबी ओलांडतात. विंडोज धरून ५०० मध्ये तीन-चारच राहतात. एम.२ आकारात साटा (जुन्या, मंद पद्धतीच्या) एसएसडीही मिळतात. त्यांच्या टोकाला दोन खाचा असतात, एनव्हीएमईला बहुधा एक. कागदावर ७००० एमबीचा वेग दाखवणाऱ्या महाग एसएसडीने गेम उघडण्यात एखाद-दुसऱ्या सेकंदाचाच फरक पडतो, तिथे पैसे घालू नका. बोर्डाच्या खोक्यातला एम.२ चा इवलासा स्क्रू मात्र जपा. तो हरवला की एसएसडी चिकटपट्टीने दाबून बसवायची वेळ येते.

८. एसएमपीएस, यूपीएस आणि अर्थिंग

कॅबिनेटसोबत 'फ्री' मिळणारा एसएमपीएस परत करा. त्यावरचा ४५० वॅट हा आकडा बहुतेक वेळा सजावटीचा असतो. खरा आकडा लेबलवर शोधा: प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही १२ व्होल्टच्या लाइनवर चालतात. १२ व्होल्टपुढे १६ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे कामाचे १९२ वॅट. चांगल्या ४५० वॅटच्या युनिटवर तिथे ३५-३६ अँपिअर दिसतात.

गरज किती? रायझन ५६०० पूर्ण भारावर पाऊणशे वॅट, आरएक्स ६६०० चे १३२, बाकी सगळं मिळून पन्नास-साठ. झाले पावणेतीनशे. म्हणून नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॅट, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया जाते याचं प्रमाणपत्र) पुरतो. ५५० घेतला तर पुढच्या कार्डाचीही सोय होते. त्यात ६+२ पिनची पीसीआयई केबल मुळातच असली पाहिजे. ती नसल्यामुळे 'कन्व्हर्टर लावून देतो' असं कोणी म्हणालं तर तो एसएमपीएस या कामाचा नाही. बारीक वायरीवर दीडशे वॅट ओढले की कनेक्टर वितळतो. स्वस्त एसएमपीएस मरताना एकटा मरत नाही, बोर्ड आणि कार्ड बरोबर घेऊन जातो.

वीज ये-जा करणाऱ्या भागात यूपीएस घ्याच. व्हीए आणि वॅट एक नव्हेत: ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. मॉनिटर धरून गेम चालू असताना तो काठावर येतो, म्हणून १००० व्हीएचा बघा. तोही पाच-दहा मिनिटांत गेम सेव्ह करून बंद करण्यापुरताच. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी चालवायचा असेल तर तो साइन वेव्हचा असावा आणि त्यावरचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. नाहीतर वीज जाताक्षणी पीसी रिस्टार्ट होतो.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात? दोष बहुधा पीसीचा नसतो, भिंतीवरच्या स्विचबोर्डात अर्थिंग नसतं. तिसरी पिन कापून किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावून पीसी चालवू नका. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

९. कॅबिनेट

पुढची बाजू जाळीची हवी. पुढे काच असलेली कॅबिनेट फोटोत देखणी दिसतात आणि आतली हवा कोंडतात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. तिथे काचेआडचं कार्ड तापून स्वतःच वेग कमी करतं. पुढून दोन पंखे हवा आत घेणारे, मागून एक बाहेर टाकणारा, एवढं बास. कार्डाची लांबी आणि कूलरची उंची कॅबिनेटच्या मापांशी जुळवा.

१०. खरेदीच्या दिवशी

यादी पीसीपार्टपिकर या संकेतस्थळावर टाकून जुळणी तपासा, मग तीन ठिकाणचे भाव काढा. त्यांतली दोन ऑनलाइन चालतील. मुंबईत संगणकाच्या भागांचा बाजार असलेला लॅमिंग्टन रोड ग्रँट रोड स्टेशनपासून चालत गाठता येतो. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. सगळे भाग एकाच दुकानातून घेतले तर घासाघीस जमते, जोडणी फुकट होते आणि काही चाललं नाही तर 'ते त्यांचं, हे आमचं' ऐकावं लागत नाही.

'विदाउट बिल' भाव १८ टक्के जीएसटी वाचवणारा वाटतो, पण पुढे वॉरंटीसाठी दारोदार फिरवतो. घरी येताना हे सोबत हवं:

* प्रत्येक भागाचा पूर्ण मॉडेल आणि सिरियल क्रमांक असलेलं जीएसटी बिल, त्याचा मोबाइलमध्ये फोटो
* सगळी खोकी, वॉरंटी कार्डं आणि सॉकेटवरचं प्लॅस्टिकचं झाकण
* एसएमपीएसच्या उरलेल्या केबल आणि बोर्डाच्या मागची आय/ओ पट्टी
* स्वतः जोडणार असाल तर दोन नंबरचा स्टार स्क्रूड्रायव्हर, झिप टाय, विंडोजसाठी ८ जीबीचा पेनड्राइव्ह

ते प्लॅस्टिकचं झाकण क्षुल्लक वाटतं. इंटेल आणि एएम५ बोर्डांवर पिना सॉकेटमध्ये असतात. झाकणाविना पाठवलेल्या बोर्डाची एक पिन जरी वाकलेली निघाली तरी वॉरंटी नाकारली जाते. दुकानात बोर्ड घेतानाच झाकण उचलून पिना बघा, फोटो काढा. त्या-त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर कोणत्या शहरात आहे तेही विचारा. लातूरहून किंवा रत्नागिरीहून कार्ड पुण्या-मुंबईला पाठवण्याचा खर्च आणि वेळ आधीच माहीत असलेला बरा. ऑनलाइन मागवलं तर पार्सलच्या लेबलपासून भाग बाहेर येईपर्यंत न थांबवता एकच व्हिडिओ काढा.

११. पहिल्या संध्याकाळच्या तपासण्या

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात खोचा, बोर्डाच्या एचडीएमआयमध्ये नव्हे. 'नवा पीसी, तरी गेम अडकतो' या तक्रारीचं हे एक नेहमीचं कारण.

बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा. ते बंद असेल तर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर रांगते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग दिसतो. बायोसमध्येच टीपीएम आणि सिक्युअर बूट (पीसीच्या सुरक्षेच्या दोन सोयी) चालू आहेत का बघा, विंडोज ११ वर व्हॅलोरंट त्यांच्याशिवाय उघडत नाही. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट स्वतः वाढवा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर ठेवून महिनोन्महिने खेळणारे लोक आहेत.

जीपीयू-झेड आणि सीपीयू-झेडमधली नावं बिलाशी जुळवा. अर्धा तास जड गेम चालवून तापमान बघा: कार्ड ८५ अंशांच्या आत, प्रोसेसर ९० च्या आत राहिला पाहिजे. त्यावर गेला तर कूलर नीट बसलेला नाही किंवा त्याच्या तळाचं पारदर्शक प्लॅस्टिक काढायचं राहिलं आहे. बदलून देण्याची मुदत संपेपर्यंत खोकी माळ्यावर टाकू नका.